अर्धविरामाने जोडलेली दोन दुकाने

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एसटी स्थानकाकडून बाजारपेठेकडे वळणाऱ्या कोपऱ्यावर, एक जुनी दुमजली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर किराणा माल मिळतो, वह्या-पेने मिळतात, झेरॉक्स निघते आणि बाजूच्या बोळातून मागे गेले की पिठाची गिरणी लागते. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या खुल्या नकाशात या इमारतीतील दुकानांची नोंद वर्षभराहून अधिक काळ चुकीची राहिली, आणि ती चूक माझ्याच हातून झालेली होती. चूक लहान होती. पण एका गुणधर्माला एकाहून अधिक मूल्ये आली की नकाशाच्या माहितीत काय घडते, हे तिच्यामुळे मला पहिल्यांदा नीट समजले, म्हणून ते सारे प्रकरण येथे क्रमाने मांडत आहे.

प्रथम माहिती साठवण्याची रीत सांगणे आवश्यक आहे. ओपनस्ट्रीटमॅपची सुरुवात २००४ मध्ये ब्रिटनमध्ये झाली आणि त्याची मूळ रचना आजही साधीच राहिली आहे. जमिनीवरील प्रत्येक गोष्ट बिंदू, रेषा किंवा संबंध यांपैकी एका रूपात नोंदवली जाते आणि तिला टॅग लावले जातात. टॅग म्हणजे एक गुणधर्म आणि त्याचे एक मूल्य. किराणा दुकान असेल तर गुणधर्म ‘शॉप’ आणि मूल्य ‘कन्व्हीनियन्स’. स्टेशनरीचे दुकान असेल तर गुणधर्म तोच, मूल्य ‘स्टेशनरी’. प्रत्यक्ष नोंदीत हे शब्द रोमन लिपीत असतात. एका वस्तूवर एक गुणधर्म एकदाच येऊ शकतो. २००९ मध्ये एपीआयची, म्हणजे संपादनाची सॉफ्टवेअरे ज्यातून सर्व्हरशी बोलतात त्या जोडणीची, ०.६ ही आवृत्ती लागू झाल्यापासून सर्व्हरच हा नियम पाळायला लावतो. त्यामुळे एकाच बिंदूवर ‘शॉप’ दोनदा लिहिता येत नाही, आणि दोन मूल्ये लिहायचीच असतील तर ती एकाच मजकुरात, मध्ये अर्धविराम घालून लिहिण्याचा प्रघात पडला. हा अर्धविराम माणसाला दिसतो आणि कळतो. विदागाराला, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डेटाबेसला, मात्र तो मजकुरातील इतर वर्णांसारखाच एक वर्ण असतो. 

विदागारशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांवर आधारलेल्या विदागाराची कल्पना मांडली, आणि त्या विचारातून पुढे रूढ झालेला पहिला नियमच असा की एका रकान्यात एकच, आणखी न फुटणारे मूल्य असावे. विकिपीडियाचा सहप्रकल्प असलेल्या विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याने २०१२ मध्ये वेगळी वाट निवडली: तेथे एका गुणधर्माला कितीही विधाने जोडता येतात आणि प्रत्येक विधानाला दर्जा, कालावधी व आधार देता येतो. ओपनस्ट्रीटमॅपने साधेपणा निवडला. त्या साधेपणामुळेच खिशात फोन असलेला कोणीही माणूस दहा मिनिटांत आपल्या गल्लीतील दुकान नकाशावर आणू शकतो, आणि हा लाभ मला फार मोलाचा वाटतो. त्याची किंमत मात्र आमच्या कोपऱ्यावरील इमारतीसारख्या ठिकाणी मोजावी लागते.

नोंद बिघडली ती अशी. एका स्वयंसेवकाने या कोपऱ्यावर किराणा दुकानाचा बिंदू ठेवला होता. त्यावर पाटीवरील मराठी नाव, दूरध्वनी क्रमांक आणि उघडण्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या: आठवड्याचे सातही दिवस सकाळी ७ ते दुपारी १ आणि दुपारी ४ ते रात्री साडेनऊ. काही महिन्यांनी दुसऱ्या स्वयंसेवकाने तीन-चार मीटर अंतरावर स्टेशनरी दुकानाचा बिंदू ठेवला. त्याने नाव त्याच पाटीच्या खालच्या, इंग्रजी ओळीवरून घेतले, दुसरा दूरध्वनी क्रमांक लिहिला आणि वेळ लिहिली सोमवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते रात्री ८. दोन्ही नावांत घराण्याचे आडनाव एकच होते.

मी तेव्हा पुण्यात घरी बसून उपग्रहचित्रांच्या आधारे त्या गावातील इमारतींच्या रेषा काढत होतो. एका छपराखाली एकाच आडनावाचे दोन बिंदू दिसले. दाट बाजारपेठेत फोनचे जीपीएस काही मीटर इकडेतिकडे सरकते आणि त्यामुळे एकच दुकान दोनदा नोंदवले जाणे ही नित्याची गोष्ट आहे, म्हणून ही नोंद दुबार झाली असावी असे मी धरून चाललो. जोसम या नकाशा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बिंदू निवडून मी ते एकत्र केले. ज्या गुणधर्मांची मूल्ये जुळत नाहीत त्यांची यादी जोसम अशा वेळी समोर ठेवतो आणि प्रत्येकासाठी एखादे मूल्य निवडण्याची, सर्व मूल्ये ठेवण्याची किंवा एकही न ठेवण्याची मुभा देतो. कोणाची मेहनत वाया जाऊ नये, या भावनेने मी सगळीकडे ‘सर्व’ निवडले. ‘सर्व’ निवडल्यावर सॉफ्टवेअर मूल्यांच्या मध्ये अर्धविराम घालते. एक बिंदू राहिला, दुसरा वगळला गेला. तपासणी यंत्रणेने एकही त्रुटी दाखवली नाही.

पुढे त्याच गावातील एका शाळेच्या भूगोल उपक्रमासाठी मी बाजारपेठेचा छापील नकाशा तयार केला. मुलांनी तो हातात घेऊन गावात फिरावे आणि नकाशा व जमीन यांची तुलना करावी, असा उपक्रम होता. किराणा दुकानांची यादी मी ओव्हरपास या शोधसेवेतून काढली होती. संध्याकाळी मुले परत आली तेव्हा सातवीतील एका मुलीने विचारले की ज्या दुकानातून आमच्या घरी महिन्याचा किराणा येतो ते दुकान यादीत का नाही. ते याच कोपऱ्यावरचे दुकान होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मी ‘शॉप’चे मूल्य ‘कन्व्हीनियन्स’ असलेल्या वस्तू मागितल्या होत्या. या बिंदूवर मूल्य होते ‘कन्व्हीनियन्स;स्टेशनरी’, आणि यंत्राच्या लेखी हा तिसराच, कोणत्याही सूचीत नसलेला दुकानप्रकार होता. नकाशाची चित्रशैलीही चिन्ह निवडताना मूल्य तंतोतंत जुळते का हेच पाहते, म्हणून किराण्याचे चिन्हही गेले होते आणि स्टेशनरीचेही.

मी हे इतर स्वयंसेवकांपुढे मांडले तेव्हा पहिला सल्ला असा मिळाला की माहिती तशीच ठेवावी आणि शोध सैल करावा. ओव्हरपासमध्ये नमुना देऊन शोधता येते: मजकुराच्या आरंभी किंवा अर्धविरामानंतर ‘कन्व्हीनियन्स’ येत असेल आणि त्यापुढे अर्धविराम किंवा मजकुराचा शेवट असेल, तर ती वस्तू घ्यावी. नुसते ‘मजकुरात कोठेही हा शब्द असावा’ असे सांगून भागत नाही, कारण त्या रीतीने ‘कार’ शोधले तर गाड्या विकणाऱ्यांबरोबर गाड्या दुरुस्त करणारे आणि सुटे भाग विकणारेही हाती लागतात. नमुना नीट लिहून पाहिला आणि आमचे दुकान सापडले. त्या क्षणी मला प्रश्न सुटल्यासारखा वाटला होता.

पण सापडलेल्या नोंदीतील बाकीचे टॅग वाचताना खरी हानी लक्षात आली. उघडण्याच्या वेळा लिहिण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये स्वतंत्र व्याकरण आहे आणि त्या व्याकरणात अर्धविरामाला स्वतःचा, वेगळा अर्थ आहे. तेथे अर्धविरामाने नियम वेगळे होतात, आणि नंतरचा नियम ज्या दिवसांना लागू होतो त्या दिवसांसाठी तो आधीच्या नियमाची जागा घेतो. म्हणजे मी जोडलेल्या मजकुराचा यंत्राने काढलेला अर्थ असा: रविवारी सकाळी ७ ते १ व ४ ते साडेनऊ, आणि सोमवार ते शनिवार साडेनऊ ते ८. सकाळी ७ वाजता उघडणारे किराणा दुकान आठवड्यातील सहा दिवस साडेनऊला उघडू लागले, आणि रविवारी बंद असणारी स्टेशनरी रविवारी उघडी दिसू लागली. व्याकरणाच्या दृष्टीने मजकूर निर्दोष होता, म्हणून कोणत्याही तपासणीने तो अडवला नाही. दोन खरी विधाने जोडून तिसरे, खोटे विधान तयार झाले होते. नकाशातून दुकान गायब होण्यापेक्षा मला हे अधिक गंभीर वाटते. गायब झालेले दुकान त्या मुलीला खटकले. चुकीची वेळ वाचून परत गेलेला माणूस तक्रार करायला येत नाही.

नावाची स्थितीही अशीच होती. मराठी नाव आणि इंग्रजी नाव अर्धविरामाने जोडून एका लांब ओळीत बसले होते, आणि असे नाव गावात कोणीही उच्चारत नाही. नॉमिनॅटिम ही पत्ते शोधणारी सेवा अनुक्रमणी तयार करताना अशी जोडलेली नावे फोडून घेऊ शकते, त्यामुळे शोधात फारसे बिघडले नव्हते. पण नकाशावर छापायचे नाव एकच असते. नावांसाठी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पुरेसे गुणधर्म आधीपासून आहेत: मराठी नाव, इंग्रजी नाव, पर्यायी नाव, जुने नाव, अधिकृत नाव. औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले तेव्हा दोन्ही नावे एका ओळीत कोंबण्याची गरज नव्हती, कारण जुन्या नावाला स्वतःचा गुणधर्म होता. ब्रुसेल्सची गोष्ट वेगळी आहे. तेथे रस्त्यांची फ्रेंच आणि डच नावे एकाच मुख्य नावात मध्ये आडवी रेघ देऊन लिहितात, कारण रस्त्यावरील पाट्याही दुभाषिक असतात, आणि तरीही प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतंत्र गुणधर्मात पुन्हा नोंदवले जाते. आमच्या पाटीवर मात्र दोन भाषा आणि दोन व्यवसाय एकमेकांत मिसळले होते, आणि ते घरी बसून सोडवणे शक्य नव्हते.

म्हणून मी गावी गेलो. किराण्याच्या गल्ल्यावर बसलेल्या काकांना नकाशाची छापील प्रत दाखवली आणि अडचण सांगितली. त्यांनी सांगितले की दुकाने दोन आहेत, पाटी एक आहे. थोरल्या मुलाने स्टेशनरी सुरू केली तेव्हा नवी पाटी न करता जुन्याच पाटीखाली एक ओळ रंगवून घेतली होती. शटर दोन, बिलबुके दोन, गुमास्ता परवानेही दोन नावांनी. आतून ये-जा करायला दार आहे, पण गिऱ्हाईक आत जाते ते आपापल्या शटरमधून. किराण्याला सुट्टी नाही. स्टेशनरी रविवारी बंद. झेरॉक्सचे यंत्र स्टेशनरीच्या बाजूला आहे आणि त्याचा हिशेब त्याच बिलबुकात येतो. गिरणी काकांच्याच नावावर आहे, तिचे दार बोळात उघडते आणि ती दुकानाच्या वेळेत चालेलच असे नाही. पहिल्या स्वयंसेवकाने गिरणी किराण्याच्याच बिंदूवर ‘क्राफ्ट’ या, कारागिरीचे व्यवसाय नोंदवण्याच्या गुणधर्माने लिहून ठेवली होती. गुणधर्म वेगळा असल्याने ती माझ्या जोडाजोडीतून सुखरूप वाचली होती, पण तिची जागा चुकीची होती.

या भेटीनंतर मूळ प्रश्न बदलला. तोवर आम्ही सगळे ‘एका गुणधर्माची दोन मूल्ये कशी लिहावीत’ यावर बोलत होतो. प्रत्यक्षात दोन मूल्ये नव्हतीच. दोन वस्तू होत्या आणि प्रत्येकीचे मूल्य एकेकच होते. एका प्रत्यक्ष वस्तूची एकच नोंद असावी, हे तत्त्व ओपनस्ट्रीटमॅपमध्ये सर्वमान्य आहे. दुबार नोंद टाळण्याच्या नादात मी त्याची दुसरी बाजू विसरलो होतो, ती अशी की दोन वस्तूंची एक नोंद नसावी. मुख्य गुणधर्मात, म्हणजे वस्तू मुळात काय आहे हे सांगणाऱ्या टॅगमध्ये, अर्धविराम दिसला की आता मी आधी हेच विचारतो: येथे खरोखर एकच वस्तू आहे का? शटर, परवाना, वेळ, मालक आणि नाव यांपैकी दोन-तीन गोष्टी वेगळ्या निघाल्या तर बिंदू वेगळे करावेत.

झेरॉक्सचा निर्णय इतका सरळ नव्हता. तेथे दुकान खरोखर एकच आहे आणि कामे दोन आहेत. ‘स्टेशनरी;कॉपीशॉप’ असे लिहावे, असे एका जाणत्या स्वयंसेवकाचे मत होते, आणि त्याचा युक्तिवाद पोकळ नव्हता: परीक्षेच्या दिवसांत त्या दुकानात येणारी निम्मी मुले झेरॉक्ससाठीच येतात. तरीही मी मुख्य मूल्य ‘स्टेशनरी’ ठेवले आणि झेरॉक्ससाठी सेवेचा वेगळा होय-नाही स्वरूपाचा टॅग लावला. मुख्य मूल्य तंतोतंत जुळले तरच बहुतेक साधने ती वस्तू ओळखतात; दुय्यम सेवेच्या टॅगमुळे काही हरवत नाही आणि ज्याला झेरॉक्स हवी आहे त्याला ती शोधताही येते. पेट्रोल पंपांसाठी हीच पद्धत फार पूर्वीपासून आहे: डिझेल मिळते का, सीएनजी मिळते का, यांसाठी ‘फ्युएल’खाली स्वतंत्र उपगुणधर्म आहेत आणि प्रत्येकाचे मूल्य होय किंवा नाही. या पद्धतीत ‘नाही’ हेही स्पष्टपणे सांगता येते. अर्धविरामाच्या यादीत ते जमत नाही. यादीत सीएनजी नसेल तर ते मिळत नाही की कोणी पाहिलेच नाही, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

अर्धविरामाला माझा सरसकट विरोध आहे असा याचा अर्थ घेऊ नये. खाणावळीत मिळणाऱ्या जेवणाचे प्रकार सांगणारा ‘क्विझीन’, खेळाच्या मैदानावरील खेळ, रुग्णालयातील वैद्यकीय शाखा, एकच रस्ता दोन महामार्गांचा भाग असताना त्याचे दोन क्रमांक: या सर्व ठिकाणी वस्तू एकच असते आणि तिला विचारलेल्या एकाच प्रश्नाची खरोखर अनेक उत्तरे असतात. महामार्गांच्या क्रमांकांच्या बाबतीत तर नकाशाची मुख्य चित्रशैली अर्धविराम ओळखते आणि दोन्ही क्रमांक एकाखाली एक दाखवते. तेथेही काळजी हवी. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गाला आज राष्ट्रीय महामार्ग ४८ म्हणतात, पूर्वी तो क्रमांक ४ होता आणि आशियाई महामार्ग ४७ याच रस्त्याने जातो. पण हे तीन क्रमांक अर्धविरामांनी जोडणे चूक ठरेल, कारण जुन्या क्रमांकासाठी आणि आंतरराष्ट्रीय क्रमांकासाठी वेगळे गुणधर्म आहेत. तीन मूल्ये दिसली, तरी प्रश्न तीन वेगळे होते.

यादी लिहायचीच असेल तर आणखी एक व्यावहारिक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. एका मूल्यात जास्तीत जास्त २५५ वर्ण मावतात आणि देवनागरीत वर्ण मोजण्याची पद्धत आपल्या अक्षरमोजणीशी जुळत नाही. ‘स्टेशनरी’ हा आपल्या दृष्टीने चार अक्षरांचा शब्द. संगणक त्यात स, त्याचा पाय मोडणारे चिन्ह, ट, मात्रा, वेलांटी हे सारे वेगवेगळे धरून आठ वर्ण मोजतो. मराठीतील पर्यायी नावांची लांब यादी त्यामुळे अपेक्षेपेक्षा लवकर मर्यादेला भिडते, आणि तिथे कापली गेलेली शेवटची नोंद अर्ध्या शब्दावर तुटलेली आढळते.

दुरुस्ती करताना मी आधी जुनी आवृत्ती पाहिली. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक वस्तूचा इतिहास जपलेला असतो, वगळलेल्या वस्तूचाही. त्यामुळे दोन्ही स्वयंसेवकांनी मूळ काय लिहिले होते ते जसेच्या तसे मिळाले. वगळलेला स्टेशनरीचा बिंदू जोसमच्या एका जोडसाधनाने परत आणला, म्हणजे तो नोंदवणाऱ्याचे काम त्याच्या इतिहासासह पुन्हा जिवंत झाले. नवा बिंदू तयार केला असता तर ते घडले नसते. किराण्याच्या बिंदूवर मराठी नाव आणि त्याच्या मूळ वेळा पूर्ववत लिहिल्या, स्टेशनरीवर तिचे नाव आणि तिच्या वेळा. दोन्ही बिंदू आपापल्या शटरजवळ सरकवले. गिरणीला बोळातील दाराजवळ स्वतंत्र बिंदू दिला. प्रत्येक बदलाबरोबर लिहायच्या टिपेत जागेवर जाऊन खात्री केल्याचे आणि आधीचे एकत्रीकरण माझे होते हे नमूद केले, म्हणजे पुढे कोणी उपग्रहचित्र पाहून हे बिंदू पुन्हा एक करायला निघाला तर त्याला थांबण्याचे कारण सापडेल.

त्यानंतर मी माझी जुनी संपादने तपासली आणि मुख्य गुणधर्मात अर्धविराम राहिलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या. त्या यंत्राने एका फटक्यात फोडता आल्या असत्या, पण मी तसे केले नाही. कोणती वेळ कोणत्या दुकानाची, कोणता क्रमांक कोणाचा, हे एकदा जोडल्यावर मजकुरातून परत ओळखता येत नाही; जेथे इतिहासातून कळले तेथे दुरुस्त केले आणि जेथे कळले नाही तेथे नकाशावर टीप ठेवून स्थानिक माणसाची वाट पाहत आहे. अशा टिपांपैकी काही अजून उघड्या आहेत.

गिरणीच्या वेळांचा टॅग रिकामा ठेवला आहे. दळण किती आले आहे आणि वीज कधी आहे, यावर ती चालते, आणि काकांनी सांगितलेली वेळ मी दोन दिवसांत दोनदा बदललेली पाहिली. किराण्याच्या दूरध्वनीच्या टॅगमध्ये मात्र अर्धविराम तसाच आहे. दुसऱ्या स्वयंसेवकाने लिहिलेला क्रमांक स्टेशनरीचा नव्हे, दुकानाच्या जुन्या दूरध्वनीचा निघाला, आणि दोन्ही क्रमांक काकांच्या गल्ल्याशेजारीच वाजतात.